सीए करायचंय, पण वय? अठरापासून साठीपर्यंतचा हिशेब

आजचा विषय तुमच्यापैकी अनेकांनी सुचवलेला आहे. नाशिकहून, बेळगावहून, इंदूरहून, अगदी मस्कतहूनही लोक एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारतात. "मॅडम, मी सत्तावीस वर्षांचा आहे, आता सीए जमेल का?" "ताई, मुलगी दहावीला गेली, आता मला वेळ आहे, मी सुरू करू का?" "माझा मुलगा तीनदा नापास झाला, त्याला थांबवू का?" प्रत्येक प्रश्नात वय आहेच.

मी गेली काही वर्षं होसकोट्यात सीए म्हणून काम करते. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते, होसकोटे हे बेंगळुरूच्या पूर्वेला, जुन्या मद्रास रस्त्यावरचं गाव. कन्नडमध्ये 'होस' म्हणजे नवा आणि 'कोटे' म्हणजे कोट, किल्ला. शहाजीराजांच्या कर्नाटकातल्या जहागिरीत बेंगळुरू, कोलार यांच्याबरोबर होसकोट्याचंही नाव येतं. आज इथे व्होल्वोचा कारखाना आहे, पुढे नरसापूरला होंडाचा आहे, शिवाय गोदामं आणि सुटे भाग बनवणाऱ्या लहानमोठ्या कंपन्या. एवढ्या कंपन्या म्हटल्यावर हिशेब ठेवणारी माणसं आलीच. त्यात सोलापूर, सांगली, बेळगावकडून आलेली मराठी माणसंही पुष्कळ. अकाउंट्स खात्यात आठ-दहा वर्षं काढलेल्या माणसाच्या मनात कुठेतरी सीए असतंच. म्हणून हा प्रश्न माझ्याकडे फोनवर येतो, तसा ऑफिसच्या दारातही येतो.

सुरुवातीलाच सरळ उत्तर देते. सीएला वयाची वरची मर्यादा नाही. इन्स्टिट्यूट ऑफ चार्टर्ड अकाउंटंट्स ऑफ इंडिया ही संस्था १९४९ च्या कायद्याने, १ जुलै १९४९ रोजी सुरू झाली. अमुक वयानंतर परीक्षेला बसू नका, असं ती म्हणत नाही. पण नियम अडवत नाही म्हणजे काहीच अडवत नाही असं नव्हे. काय अडवतं, ते आज नीट बघू.

आधी रस्ता समजून घ्या

सीएचे टप्पे तीन. फाउंडेशन, इंटरमीजिएट आणि फायनल. १ जुलै २०२३ पासून नवीन अभ्यासक्रम लागू झाला. त्यात फाउंडेशनला ४ पेपर, इंटरला ६ आणि फायनलला ६ पेपर आहेत. इंटर आणि फायनलचे पेपर तीन-तीनच्या दोन ग्रुपमध्ये विभागलेले असतात.

बारावीनंतर येणारा फाउंडेशनपासून सुरू करतो. कॉमर्सची पदवी ५५ टक्क्यांनी किंवा इतर शाखेची ६० टक्क्यांनी मिळवलेल्याला फाउंडेशन द्यावं लागत नाही, तो थेट इंटरला बसतो. याला डायरेक्ट एन्ट्री म्हणतात. वय वाढलेल्यांना हा मार्ग खूप उपयोगाचा आहे आणि अनेकांना तो माहीतच नसतो. बी.एस्सी. किंवा इंजिनीअरिंग झालेल्यालाही तो खुला आहे.

इंटरचे दोन्ही ग्रुप सुटले आणि संस्थेचं अल्प मुदतीचं प्रशिक्षण झालं, की आर्टिकलशिप लागते. म्हणजे एखाद्या सीएच्या हाताखाली प्रत्यक्ष काम. पूर्वी ही तीन वर्षं होती, नव्या योजनेत दोन वर्षं आहे. त्याच काळात संस्थेचे चार ऑनलाइन संच स्वतः अभ्यासून पास व्हायचे असतात. आर्टिकलशिप संपली की सहा महिन्यांनी फायनल.

आता बेरीज करा. फाउंडेशनच्या अभ्यासाला किमान चार महिने, इंटरला आठ महिने, आर्टिकलशिपला चोवीस, फायनलआधी सहा. झाले बेचाळीस महिने, म्हणजे साडेतीन वर्षं. ही कागदावरची कमीत कमी मुदत. कुठेही न अडखळता, पहिल्याच झटक्यात सगळं सुटलं तरची.

आणि सगळं सुटतं का? मे २०२४ च्या फायनलला दोन्ही ग्रुप एकत्र देणाऱ्यांपैकी १९.८८ टक्के पास झाले. त्याच वर्षी नोव्हेंबरला हा आकडा १३.४४ टक्के होता. म्हणजे शंभरात ऐंशीहून अधिक जण त्या खेपेला परत गेले. हे घाबरवायला सांगत नाही. वेळापत्रक आखताना साडेतीनऐवजी पाच वर्षं धरा, एवढंच सांगते.

चाळीस आणि पन्नासचं गणित

पासिंगचा नियम वरवर सोपा वाटतो. प्रत्येक पेपरात किमान ४० आणि ग्रुपच्या एकूण बेरजेत किमान ५० टक्के. तीन पेपरांच्या ग्रुपमध्ये ३०० पैकी १५० हवेत.

समजा एकाला ६२, ४४ आणि ४३ मिळाले. तिन्ही पेपर चाळीसच्या वर. बेरीज १४९. ग्रुप गेला. एका गुणाने. पण ६२ वाल्या पेपरात त्याला एक्झेम्प्शन मिळतं, कारण त्याने साठ गाठले. पुढच्या तीन परीक्षांपर्यंत तो पेपर पुन्हा द्यावा लागत नाही.

आता दुसरी बाजू. दोन्ही ग्रुप एकत्र दिले, पहिल्यात १६५ आले, दुसऱ्यात १३८. दुसरा ग्रुप एकटा दिला असता तर नापास. पण एकत्र दिल्यामुळे बेरीज ३०३, म्हणजे ६०० च्या निम्म्याहून जास्त. सगळे पेपर चाळीसच्या वर असतील तर दोन्ही ग्रुप पास.

हे गणित वयाशी जोडलेलं आहे, म्हणून इतकं सांगितलं. दिवसभर मोकळा असलेल्या विद्यार्थ्याने दोन्ही ग्रुप एकत्र द्यावेत, एका ग्रुपचे जादा गुण दुसऱ्याला हात देतात. नोकरी सांभाळणाऱ्याने एकेक ग्रुप द्यावा आणि निदान एका पेपरात साठच्या वर जाण्याची तयारी ठेवावी, म्हणजे ग्रुप गेला तरी सगळं वाया जात नाही.

अठरा ते बावीस

मध्य प्रदेशातल्या मोरेना गावची नंदिनी अग्रवाल २०२१ साली सीए फायनलला देशात पहिली आली. तेव्हा तिचं वय होतं १९ वर्षं ३३० दिवस. गिनीज बुकात तिची सर्वांत तरुण महिला सीए म्हणून नोंद झाली. तिचा भाऊही त्याच परीक्षेत अठरावा आला. शाळेत वरच्या वर्गात उडी मारल्यामुळे ती लवकर बारावी झाली होती. मुलांना तिची गोष्ट जरूर सांगा, पण ते वय त्यांच्यासमोर माप म्हणून ठेवू नका.

या वयातल्या मुलांकडे सगळ्यांत मोठी संपत्ती म्हणजे कुणाचं पोट त्यांच्यावर अवलंबून नसतं. आर्टिकलशिपचा स्टायपेंड थोडा असतो, पण घर आई-वडील चालवतात. म्हणून हे वय सोयीचं. स्मरणशक्तीचा मुद्दा त्यानंतरचा.

अडचणी वेगळ्या आहेत. पहिली भाषेची. सीएची परीक्षा इंग्रजी किंवा हिंदीत देता येते. मराठी नाही, कन्नड नाही. आमच्याकडे मालूर बाजूच्या खेड्यांतून पीयूसी करून मुली येतात, त्यांना विषय समजतो, पण उत्तर लिहिताना हात थांबतो. तिकडे लातूर-धाराशिवच्या मराठी माध्यमाच्या मुलांचंही हेच. कायदा आणि ऑडिट या दोन विषयांत याचा फटका बसतो, कारण तिथे आकडे नसतात, वाक्यं लिहावी लागतात. उपाय एकच, रोज एक उत्तर वहीत पूर्ण लिहायचं. वाचून येत नाही, लिहून येतं.

दुसरी अडचण वाहतुकीची. होसकोट्याच्या मुलाला शहरातल्या फर्ममध्ये आर्टिकलशिप मिळाली तर बसने केआर पुरम, तिथून मेट्रोची जांभळी लाइन, आणि संध्याकाळी उलटा प्रवास. रोजचे तीन तास सहज जातात. मी माझ्या मुलांना सांगते, मोठ्या नावाची फर्म चांगलीच, पण दोन वर्षांत रोज तीन तास म्हणजे दीड हजार तासांच्या आसपास. ते तास अभ्यासाचेही असू शकतात. गावातल्या छोट्या फर्ममध्ये ऑडिट, जीएसटी, रिटर्न, बँकेची कामं सगळं हाताखालून जातं. दोन्ही बाजू तोलून ठरवा.

पंचविशी आणि तिशी

इथे दोन प्रकारची माणसं भेटतात. एक, अठराव्या वर्षी सुरू केलेली आणि अजून अडकलेली. दुसरी, पदवी आणि नोकरीनंतर नव्याने येणारी.

आधी अडकलेल्यांबद्दल. मालाडच्या चाळीत राहणाऱ्या रिक्षाचालकाची मुलगी प्रेमा जयकुमार नोव्हेंबर २०१२ च्या परीक्षेत देशात पहिली आली, वय २४. जुलै २०२४ मध्ये डोंबिवलीत भाजी विकणाऱ्या एका आईला मुलगा सीए झाल्याचं कळलं आणि रस्त्यातच तिने त्याला मिठी मारली, तो व्हिडिओ तुम्ही पाहिला असेल. या गोष्टी खऱ्या आहेत आणि त्यातली मेहनतही खरी. पण त्या ऐकून पाचव्यांदा नापास झालेल्या मुलाच्या डोक्यावर ओझं वाढतं, हेही मी पाहते. घरात लग्नाचं बोलणं निघतं, मित्रांचे पगार ऐकू येतात, आणि मुलगा खोलीतून बाहेर येईनासा होतो.

अशा घरांना मी सांगते, निकालाचा शब्द बघू नका, गुणपत्रिका बघा. शेवटच्या तीन गुणपत्रिका शेजारी शेजारी ठेवा. गुण ४४, ४७, ५१ असे सरकत असतील तर तो दारात उभा आहे, त्याला अजून एक खेप द्या. तीन खेपा त्याच पेपरात वीस-पंचवीसवर थांबला असेल तर अभ्यासाची पद्धत बदलल्याशिवाय चौथी खेप देऊन काहीही हाती लागणार नाही. आणि पद्धत बदलायची इच्छाच उरली नसेल, तर थांबण्यात कमीपणा नाही. इंटर झालेला, आर्टिकलशिप केलेला मुलगा बाजारात रिकाम्या हाताने जात नाही. त्याला काम येतं.

आता परीक्षा वर्षातून तीनदा होतात. फाउंडेशन आणि इंटर २०२४ पासून, फायनल २०२५ पासून. नापास झालेल्याला सहा महिने वाट बघावी लागत नाही, ही चांगली गोष्ट. पण निकाल लागून पुढची परीक्षा इतक्या लवकर येते की विचार न करता पुन्हा फॉर्म भरला जातो. फॉर्म भरण्याआधी गुणपत्रिका वाचा.

नव्याने येणाऱ्याने एक गोष्ट लक्षात ठेवावी. कायदे थांबत नाहीत. १९६१ चा आयकर कायदा आपण सगळे शिकलो, त्याच्या जागी आयकर कायदा २०२५ आला, अंमल १ एप्रिल २०२६ पासून. म्हणजे आज शिकलेलं तीन वर्षं ठेवून दिलं तर ते शिळं होतं. सीए लांबवण्याची ही किंमत कुणी मोजत नाही.

पस्तीस ते पन्नास : खरी भिंत

आता मूळ मुद्द्यावर येते. मोठ्या वयात परीक्षा अडवत नाही. आर्टिकलशिप अडवते.

इंटरपर्यंत नोकरी करून पोहोचता येतं. पहाटे दोन तास, रविवारी आठ तास, एकेक ग्रुप, जमतं. पण आर्टिकलशिप हे पूर्ण वेळेचं प्रशिक्षण आहे. ते चालू असताना दुसरी नोकरी धरून बसता येत नाही. चाळीस हजार पगार घेणाऱ्या माणसाने दोन वर्षं नोकरी सोडायची आणि काही हजारांच्या स्टायपेंडवर यायचं, असा हा सौदा. चोवीस महिने गुणिले चाळीस हजार, नऊ लाख साठ हजार. शिवाय नंतरचे सहा महिने, आणि फायनल पहिल्यांदा नाही सुटली तर आणखी काही. क्लासची फी या आकड्यापुढे किरकोळ आहे.

माझ्याकडे सल्ल्यासाठी आलेल्या दोघांची उदाहरणं देते. नावं सांगत नाही.

एक गृहस्थ, वय अडतीस, बेळगावकडचे, इथल्या एका कारखान्यात अकाउंट्स बघायचे. तीन वर्षांत नोकरी करून इंटरचे दोन्ही ग्रुप सोडवले. मग नवरा-बायको दोघंही माझ्यासमोर बसले. घराचा हप्ता, गावी आईचं औषध, दोन मुलांची शाळा. आम्ही कागदावर लिहीत गेलो. अडीच वर्षं घर चालवायला लागणारी रक्कम त्यांच्याकडे निम्मीही नव्हती. त्यांच्या बायको म्हणाल्या, "मी शिकवण्या घेईन, तुम्ही करा." ते बराच वेळ गप्प होते. महिन्याभराने त्यांनी ठरवलं की सीए थांबवायचं आणि कॉस्ट अकाउंटंट, म्हणजे सीएमए व्हायचं. त्यातही प्रात्यक्षिक प्रशिक्षण आहे, पण नोकरीतला संबंधित अनुभव ठरावीक अटींवर धरला जातो. कारखान्यातल्या माणसाला तो विषयही जवळचा. आज ते समाधानी आहेत का, असं तुम्ही विचाराल. कामावर आहेत, बढती मिळाली आहे. सीएच्या निकालाच्या दिवशी मात्र फोन बंद ठेवतात, असं त्यांच्या बायकोने मला सांगितलं.

दुसऱ्या एक बाई, वय एक्केचाळीस. लग्नाआधी बी.कॉम. ६१ टक्के. मुलगी मोठी झाल्यावर डायरेक्ट एन्ट्रीने इंटर केलं. नवऱ्याचा पगार होता, म्हणून दोन वर्षांचा प्रश्न सुटला. पण वेगळे प्रश्न आले. आर्टिकल घेताना दोन ठिकाणी त्यांना वय विचारून परत पाठवलं. तिसऱ्या ठिकाणी जे सीए मिळाले ते त्यांच्याहून नऊ वर्षांनी लहान. बरोबरची मुलं एकवीसची, ती त्यांना 'अक्का' म्हणायची, म्हणजे कन्नडमध्ये ताई. स्टॉक मोजायला शिडीवर चढणं, क्लायंटच्या फाइली वाहणं, सगळं केलं. त्या मला म्हणाल्या, "सुरुवातीला अपमान वाटायचा, मग लक्षात आलं, क्लायंट मलाच सीए समजून आधी माझ्याशी बोलतात." फायनलचा त्यांचा एक ग्रुप सुटला आहे. दुसरा अजून बाकी आहे.

यातलं कुणाचं बरोबर आणि कुणाचं चूक, असं नाही. दोघांनी आधी घराचा हिशेब मांडला आणि मग पाऊल टाकलं, हे मला महत्त्वाचं वाटतं.

नोकरी सोडणं शक्यच नसेल तर इतर वाटाही बघा. एसीसीएला तेरा पेपर आणि छत्तीस महिन्यांचा अनुभव लागतो, तो अनुभव अकाउंट्सच्या साध्या नोकरीतूनही धरता येतो. गुंतवणूक क्षेत्राची ओढ असेल तर सीएफएच्या तीन पातळ्या आहेत. पण एक लक्षात ठेवा, भारतात कंपनीच्या वैधानिक ऑडिटवर सही सीएचीच चालते. तुम्हाला सही हवी आहे, की कामात वरची जागा हवी आहे, हे आधी ठरवा. सही हवी असेल तर आर्टिकलशिपला पर्याय नाही.

साठीनंतर

जयपूरचे ताराचंद अग्रवाल बँकेतून निवृत्त झाले आणि २०२५ साली, वयाच्या ७१ व्या वर्षी सीए झाले. त्यांची नात सीएचा अभ्यास करत होती, तिच्या बोलण्यातून त्यांनी हे मनावर घेतलं. ही बातमी आली तेव्हा सगळे म्हणाले, काय ही जिद्द! जिद्द आहेच. पण मी सांगितलेली भिंत आठवा. निवृत्त माणसाला पेन्शन असते, मुलं मार्गी लागलेली असतात. आर्टिकलशिपमुळे त्याचं घर अडत नाही. म्हणून गंमत अशी, की सीए करायला पैशांच्या दृष्टीने दोन वयं सोपी आहेत, विशी आणि साठी. मधली माणसं खरी कसरत करतात.

साठीनंतर कठीण असतं ते लिहिणं. पेपर तीन तासांचा, फायनलचा शेवटचा पेपर चार तासांचा. तो पुस्तक उघडून देता येतो, पण पुस्तकात उत्तर तयार नसतं. आयुष्यभर सही आणि शेरे लिहिलेल्या हाताला तीन तास सलग लिहायची सवय नसते. परीक्षेआधीचे तीन-चार महिने दुपारी दोन ते पाच याच वेळेत बसून पूर्ण पेपर लिहून बघा. जेवणानंतरची ती वेळ, पेंगुळते शरीर. सवय शरीराला लावायची आहे.

फॉर्म भरण्याआधी

आता शेवटचं. रजिस्ट्रेशन करण्याआधी एक कागद घ्या आणि चार ओळी लिहा. आर्टिकलशिपच्या दोन वर्षांत घर कोण चालवणार, त्याचं नाव. दिवसाचे कोणते तास अभ्यासाचे, घड्याळाच्या आकड्यात. किती खेपांनंतर गुणपत्रिका बघून थांबण्याचा विचार करणार, तो आकडा. आणि सीए झाल्यावर नेमकं काय करणार, नोकरी की स्वतःचं ऑफिस. पंचेचाळीसाव्या वर्षी नोकरी मागायला गेलात तर समोरचा पंचवीसच्या मुलाशी तुमची तुलना करणार. स्वतःचं ऑफिस टाकलंत तर तेच वय तुमच्या बाजूने बोलतं, कारण दुकानदार पांढऱ्या केसांवर लवकर विश्वास ठेवतो.

हा कागद एकट्याने लिहू नका. घरातल्या सगळ्यांना बसवून लिहा, कारण तुमचे तास त्यांच्याकडून येणार आहेत. ज्यांचा कागद भरला, त्यांनी वयाचा विचार सोडून कामाला लागावं. ज्यांच्या एक-दोन ओळी रिकाम्या राहिल्या, त्यांनी वर्षभर थांबून आधी त्या ओळी भराव्यात. परीक्षा कुठे पळून जात नाही, वर्षातून तीनदा येते.

पुढच्या भागात आर्टिकलशिपच्या मुलाखतीत काय विचारतात, ते बघू. तोवर अभ्यास करा, तब्येत सांभाळा. नमस्कार.